चहाच्या वेळचे पंधरा ग्रॅम

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा आणि चहात साखर घालायचा रोजचा चमचा घेऊन, रोजच्याच सवयीने, एक चमचा साखर त्या वाटीत टाका. ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा सपाट भरला तर ४ ग्रॅम साखर येते. पण हाताला सवय असते शिगोशीग चमच्याची, आणि घरातला चमचा मापाचा असतोच असं नाही. काट्यावर ६, ७, कधी ८ ग्रॅम दिसतात. म्हणजे ‘मी एकच चमचा घेतो’ असं डॉक्टरांना सांगणारा मधुमेही माणूस प्रत्यक्षात दीड-दोन चमचे घेत असतो. तो खोटं बोलत नसतो, त्याने चमचा कधी मोजलेला नसतो.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. बोलताना आपण डब्यातल्या साखरेला ‘साखर’ आणि रक्तातल्या साखरेला ‘शुगर’ म्हणतो. ही विभागणी फार सोयीची आहे, म्हणून इथेही तीच ठेवली आहे.

मधुमेह निघाला की पहिलं बालंट येतं चहावर. ‘चहा बंद करा’ हा सल्ला देणं सोपं, पाळणं अवघड, आणि बहुतेकांच्या बाबतीत अनावश्यक. चहा पावडर आणि पाणी यांत शुगर वाढवणारं जवळजवळ काहीच नसतं. १५० मिलिलिटरच्या कपात ५० मिलिलिटर दूध धरलं तर दुधातली नैसर्गिक साखर, म्हणजे लॅक्टोज, अडीच ग्रॅमच्या आसपास येते. त्यात सपाट चमचाभर साखर घातली की झाले साडेसहा ग्रॅम. आता त्याच बशीतली चार साधी गोड बिस्किटं बघा. एकेक ७ ग्रॅमचं धरलं तर २८ ग्रॅम वजन, आणि त्यातली २० ग्रॅम निव्वळ कर्बोदकं. कपापेक्षा बशी तिप्पट जड. लोक चहातली साखर सोडून फिका चहा तोंड वाकडं करून पितात आणि बिस्किटं तशीच चालू ठेवतात. मग तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, तिथल्या तिथे दिसली की सगळ्यावरचाच विश्वास उडतो.

म्हणून हिशोब कप आणि बशी दोन्हींचा मिळून करायचा. आहारतज्ज्ञ कर्बोदकांचा एक वाटा १५ ग्रॅमचा धरतात. चहाच्या एका वेळेला, कपासकट बशीसकट, हा एक वाटा पुरवायचा. कपात साडेसहा गेले तर बशीला साडेआठ उरतात. कप अडीचवर आणला तर बशीला साडेबारा मिळतात. कुठे घालवायचे ते तुम्ही ठरवा. हा आकडा टाइप २ मधुमेह असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी ठीक आहे. कर्बोदकं मोजून इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि किडनीचा त्रास असलेल्यांनी आपापल्या डॉक्टरांचा आकडा धरावा.

आधी कपाकडे बघू. साय काढलेलं दूध घेतलं की शुगर कमी वाढेल असा समज आहे. साय काढल्याने कमी होतात ते स्निग्ध पदार्थ आणि उष्मांक. लॅक्टोज तेवढंच राहतं, १०० मिलिलिटरला पाच ग्रॅमच्या आसपास. वजन उतरवायचं असेल तर साय काढलेल्या दुधाचा उपयोग आहे, शुगरसाठी फारसा नाही. बिनसाखरेच्या सोया दुधात किंवा बदामाच्या दुधात कर्बोदकं गाईच्या दुधापेक्षा बरीच कमी असतात. ओटचं दूध मात्र उलट्या बाजूला जातं, कारण ते बनवताना ओटमधल्या स्टार्चचं विकरांनी माल्टोज केलं जातं आणि पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेलं असलं तरी ते माल्टोज रक्तात लवकर पोचतं. आटवलेल्या गोड दुधाच्या डब्यात निम्म्याहून जास्त वजन कर्बोदकांचं असतं, त्यामुळे २० ग्रॅमचा एक मोठा चमचा म्हणजे ११ ग्रॅम. दुधाच्या जागी वापरायच्या पांढऱ्या पावडरीत बहुधा ग्लुकोज सिरपची भुकटी पहिल्या क्रमांकावर असते. गरम पाण्यात ढवळून लगेच चहा होतो अशा तयार पुड्यांत तर चहापेक्षा साखर जास्त असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, तेव्हा पहिले दोन शब्द वाचले तरी कळतं.

गूळ आणि मध यांच्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं, कारण इथे भलेभले फसतात. गूळ म्हणजेही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे डब्यातल्या साखरेतलंच द्रव्य. त्यात लोह आणि इतर खनिजं असतात हे खरं, पण कपात पडणाऱ्या पाच ग्रॅम गुळातून मिळणारं लोह नगण्य आहे आणि शुगर मात्र साखरेसारखीच वाढते. मध चमच्यात घट्ट बसतो. छोटा चमचाभर मध ७ ग्रॅम भरतो आणि त्यातली जवळजवळ ऐंशी टक्के साखर असते. म्हणजे साडेपाच ग्रॅम, सपाट चमचाभर साखरेपेक्षा जास्त. चव आवडते म्हणून कुणी मध घेत असेल तर जरूर घ्यावा, पण हिशोबात धरून. ‘नैसर्गिक आहे, चालतं’ म्हणून दुप्पट घातला तर आपलंच नुकसान.

साखर कमी करायची तर एका रात्रीत बंद करू नका. एकदम बंद केली की जीभ हिशोब दुसरीकडे चुकता करते, बशीतली दोन बिस्किटं वाढतात. मापाचा चमचा घ्या, दर दहा दिवसांनी पाव चमचा उतरवा. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला दोन महिने लागतात, पण तिथून माणूस सहसा मागे फिरत नाही. सगळ्यांच्या चहाची साखर एकाच पातेल्यात पडत असेल तर हे जमणार नाही. साखर पातेल्यात नाही, आपापल्या कपात, हा नियम घरात आधी लागू करावा लागतो.

इथे एक अडचण हमखास येते. साखर उतरवली की चहा कडू, तुरट लागायला लागतो आणि माणूस म्हणतो, ‘बिनसाखरेचा चहा मला जमतच नाही.’ चूक साखरेची नाही, उकळण्याची आहे. चहाच्या पानातले टॅनिन जितका वेळ उकळाल तितके जास्त उतरतात, आणि आजवर त्यांचा तुरटपणा साखर झाकत होती. साखर काढलीत तर टॅनिनही कमी करायला हवेत. १५० ते २०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पावडर, म्हणजे सपाट चमचा, पुरे. पाणी उकळलं की गॅस बंद करून पावडर घाला, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. गाळणीत चोथा चमच्याने दाबून पिळू नका, सगळ्यात तुरट भाग त्या पिळण्यातच उतरतो. दूध वेगळं गरम करून वरून घाला. दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं, म्हणून थोडंसं दूधही तुरटपणा बराच मारतं. उरलेला चहा पुन्हा उकळून प्यायचा असेल तर त्यात साखर लागणारच, तेव्हा तो ओतून ताजा करा.

वासाने गोडीची उणीव बरीच भरून निघते. वेलची, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, आलं. आलं वापरताना ते ठेचून पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा आणि मगच दूध घाला. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्याने दूध फाटतं. उकळीने ते निकामी होतं. दालचिनीने शुगर उतरते असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. तसा भरवसा ठेवण्याइतका पुरावा नाही. वासासाठी घाला, औषध म्हणून नको. आणि रोज चमचा-चमचा भुकटी खाणं तर नकोच, कारण बाजारात सहज मिळणाऱ्या कॅसिया जातीच्या दालचिनीत कुमारिन असतं आणि त्याचा अतिरेक यकृताला बाधतो.

गोळ्या आणि पुड्यांच्या कृत्रिम गोडीबद्दल लोकांच्या मनात भीती आणि बेफिकिरी दोन्ही आढळतात. अ‍ॅस्पार्टेम जास्त वेळ उकळलं की त्याची गोडी जाते, म्हणून ते पातेल्यात घालायचं नाही, कपात आणि शेवटी. सुक्रालोज उष्णता बऱ्यापैकी सहन करतं. स्टीव्हियाच्या अर्कात जिभेवर मागाहून कडवट चव रेंगाळते. ती दुधाच्या चहात कमी जाणवते, कोऱ्यात जास्त. पुडीतल्या भुकटीला आकार यावा म्हणून तिच्यात डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेलं असतं, आणि तीही कर्बोदकंच. एका पुडीत ते ग्रॅमभरच असतं, पण दिवसाला आठ पुड्या लागत असतील तर मोजा. गोळीत ही भर फार कमी असते. २०२३ च्या जुलैमध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कर्करोग होण्याची शक्यता असू शकते’ अशा गटात टाकलं. त्याच वेळी अन्नातल्या भरींची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ६० किलो वजनाच्या माणसाला ती २,४०० मिलिग्रॅम होते, आणि चहात घालायच्या एका गोळीत जेमतेम १८-२० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असतं. दिवसाकाठी तीन-चार गोळ्यांनी घाबरून जायचं कारण नाही. फेनिलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेमला हातही लावू नये. आमचं मत विचाराल तर गोळी ही कुबडी आहे. साखर उतरवताना आधाराला ठीक. पण गोळ्यांनी जिभेची गोडाची ओढ तशीच राहते, आणि ती पुन्हा बशीत हात घालते.

आता बशी. खरी गडबड इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बिस्किटाचं पाकीट हातात घ्या आणि मागची चौकट वाचा. लोक ‘साखर’ ही ओळ शोधतात आणि ती कमी दिसली की खूश होतात. वाचायची ओळ वेगळी आहे, ‘एकूण कर्बोदकं’. मैद्यातला स्टार्च पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो, आणि तोही वेगाने, कारण पीठ बारीक दळलेलं आणि भाजलेलं असतं. समजा चौकटीत १०० ग्रॅमला ७२ ग्रॅम कर्बोदकं आणि २० ग्रॅम साखर लिहिली आहे. पाकिटाचं निव्वळ वजन भागिले आतल्या बिस्किटांची संख्या, हे झालं एकाचं वजन. ते ७ ग्रॅम आलं तर एका बिस्किटात पाच ग्रॅम कर्बोदकं. १५ च्या हिशोबात, अर्धा चमचा साखरेच्या चहाबरोबर, दोन बसतात. तिसरं बसत नाही. हा गुणाकार एकदा करून आकडा पेनाने डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा, रोज करावा लागत नाही.

पचनाला चांगली म्हणून विकली जाणारी जाड, गव्हाळ बिस्किटं एकेक १५ ग्रॅमच्या आसपास भरतात आणि प्रत्येकात नऊ-दहा ग्रॅम कर्बोदकं असतात. तंतू जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे साध्या पातळ बिस्किटांची दोन बरोबर हे एक. लोक साध्याची चार सोडून याची चार खातात आणि शुगर का वाढली म्हणून कोड्यात पडतात. टोस्टचंही तसंच. तो हलका, कुरकुरीत असतो म्हणून निरुपद्रवी वाटतो. हलका असतो कारण त्यातलं पाणी गेलेलं असतं, स्टार्च सगळा तिथेच असतो. तंतूंच्या दाव्याला एक सोपी कसोटी आहे. १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम किंवा जास्त तंतू असतील तर दाव्यात तथ्य आहे, ३ ग्रॅमच्या खाली असतील तर तो फक्त पाकिटावरचा रंग आहे.

‘शुगर फ्री’ बिस्किटांत साखरेच्या जागी बहुतेक वेळा माल्टिटॉल असतं. त्याने शुगर साखरेपेक्षा कमी वाढते, पण वाढते. शिवाय मैदा आहे तिथेच आहे. सात-आठ खाल्ली तर पोटात वायू धरतो, जुलाबही होतात, कारण माल्टिटॉल लहान आतड्यात पुरतं शोषलं जात नाही आणि मोठ्या आतड्यात आंबतं.

बिस्किट चहात बुडवून खाण्याबद्दलही बोलायला हवं. बुडवलेलं बिस्किट चावावं लागत नाही, जिभेवर विरतं आणि मेंदूला काही खाल्ल्याची नोंद होण्याआधी दुसरं हातात असतं. बुडवायचंच असेल तर दोन बशीत काढा, डबा बंद करा, फडताळात ठेवा आणि मग चहाला बसा. डबा समोर उघडा असताना मोजणं कुणालाच जमत नाही.

बशीत चांगलं काय ठेवावं हे समजायला ग्लायसेमिक इंडेक्सचा, म्हणजे एखाद्या पदार्थातली कर्बोदकं शुगर किती चढवतात त्या आकड्याचा, उपयोग होतो. टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही मोजणी मांडली. ग्लुकोज १०० धरलं तर पांढरा ब्रेड ७५ च्या आसपास, साखर ६५, हरभऱ्यासारखी कडधान्यं ३० च्या आसपास आणि शेंगदाणे १५ च्या आसपास. गंमत अशी की या यादीत साखर ब्रेडच्या खाली आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो थेट शुगरमध्ये दिसत नाही. यकृतावर त्याचा भार पडतो तो वेगळा. म्हणून ‘चहात साखर नाही, फक्त ब्रेड खाल्ला’ हे समाधान खोटं आहे. दुसरी गोष्ट, हा आकडा समान कर्बोदकांची तुलना करतो, तुम्ही ताटात किती घेतलं ते त्याला ठाऊक नसतं. आकडा लहान म्हणून वाडगाभर खाल्लं की सगळं फुकट.

आता मापं. ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे मोठ्या माणसाची एक बंद मूठ. त्यात कर्बोदकं ५ ग्रॅम, प्रथिनं साडेसात ग्रॅम, आणि उष्मांक १७०. शुगरच्या दृष्टीने उत्तम, वजनाच्या दृष्टीने मूठ एकच. बदामाचंही जवळजवळ असंच आहे. ३० ग्रॅमला २५ बदाम भरतात, पण चहाबरोबर दहा-बारा पुरतात. सालासकट फुटाणे ३० ग्रॅम घेतले तर कर्बोदकं १७-१८ ग्रॅम येतात, म्हणजे तेवढ्यातच वाटा संपला. पण त्यातले पाचेक ग्रॅम तंतू असतात आणि बाकीची सावकाश उतरतात, त्यामुळे बिनसाखरेच्या चहाबरोबर ते चालून जातात. उकडलेल्या अंड्यात कर्बोदकं अर्धा ग्रॅमभर आणि प्रथिनं सहा. वाटीभर साधं दही, साखर न घालता, पाच ग्रॅमच्या आसपास. काकडी, गाजर, टोमॅटोच्या फोडी मोजायच्या भानगडीत पडूच नका. मध्यम सफरचंद अख्खं २५ ग्रॅम, म्हणजे अर्धं. केळं अख्खं २७, म्हणजे लहानसं आणि तेही अर्धं. फळाचा रस नको, कारण त्यात फळातली साखर सगळी आणि तंतू जवळजवळ नाहीत. लाह्या मक्याच्या, घरी थोड्या तेलात फोडलेल्या, मोठे तीन कप भरून घेतल्या तरी १८-१९ ग्रॅमच्या आत राहतात, आणि पोट भरल्याची जाणीव देतात. त्यावर मीठ चिमूटभरच, कारण मधुमेहाबरोबर रक्तदाब बहुतेक घरांत असतोच.

तळलेल्या पदार्थांची चाल वेगळी आहे, आणि ती शुगर मोजायच्या मीटरलाही चकवते. स्निग्ध पदार्थांमुळे जठर सावकाश रिकामं होतं. ३० ग्रॅम बटाट्याच्या वेफर्समध्ये कर्बोदकं १५-१६ ग्रॅम आणि तेल १० ग्रॅम. दोन तासांनी शुगर तपासली तर छान दिसते. माणूस म्हणतो, मला वेफर्स चालतात. चढ तीन-चार तासांनी येतो, तोवर रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली असते आणि दोन चढ एकमेकांवर बसतात. मग दोष जेवणाला.

खाण्याचा क्रम बदलूनही फरक पडतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या अकरा जणांना तेच जेवण उलटसुलट क्रमाने दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, ब्रेड आणि रस नंतर, असं खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची शुगर एक तृतीयांशाहून जास्त उतरलेली होती. अकरा माणसं म्हणजे फार छोटा अभ्यास, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे, कारण प्रथिनं आधी पोचली की जठराचं दार सावकाश उघडतं. तेव्हा मूठभर दाणे किंवा अंडं आधी, मग दहा मिनिटांनी चहा आणि ती दोन बिस्किटं. खर्च काही नाही, करून बघायला हरकत नाही.

वेळेचं म्हणाल तर सगळ्यात अवघड वेळ सकाळची. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीची संप्रेरकं वर जातात, यकृत साठवलेलं ग्लुकोज सोडतं आणि काही न खाताही शुगर चढलेली असते. त्यावर रिकाम्या पोटी गोड चहा आणि बिस्किटं पडली की दिवसाची सुरुवातच उंचावरून होते. सकाळचा पहिला कप बिनसाखरेचा किंवा अगदी कमी गोड ठेवून बिस्किटांचा वाटा दुपारच्या चहाला हलवणं हा आमच्या मते सगळ्यात फायद्याचा एकच बदल आहे. थायरॉइडची गोळी सकाळी घेणाऱ्यांनी ती साध्या पाण्याबरोबर घेऊन चहापूर्वी निदान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबावं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. जेवणाला लागूनही चहा नको, कारण टॅनिन अन्नातलं लोह अडवतात. तासाभराचं अंतर बरं.

दिवसभर घोट घोट चहा पिणाऱ्यांची अडचण निराळी. एकेका कपाचा चढ छोटा असतो, पण आधीचा उतरायच्या आत पुढचा येतो आणि रेषा खाली बसतच नाही. दोन गोड कपांत तीन तास तरी जाऊ द्या, मधला कप कोरा आणि बिनसाखरेचा घ्या. पाच कप, प्रत्येकी सपाट दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात वरून घातलेल्या साखरेसाठी जी अधिक चांगली मर्यादा सुचवली आहे ती प्रौढांना दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास येते.

चहानंतर दहा मिनिटं चाला. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता ग्लुकोज आत ओढतो. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं चालणाऱ्यांची जेवणानंतरची शुगर, दिवसातून एकदाच कधीतरी तीस मिनिटं चालणाऱ्यांपेक्षा सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. कप धुऊन ठेवून जिना दोनदा चढला-उतरला तरी सुरुवात होते.

हे सगळं तुम्हाला कितपत लागू पडतं ते मीटरच सांगेल. चहापूर्वी एकदा, पहिल्या घोटापासून तासाने एकदा आणि दोन तासांनी एकदा तपासा. पहिल्या दिवशी नेहमीचा चहा, नेहमीची बशी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फक्त बिस्किटांच्या जागी दाणे. तिसऱ्या दिवशी बिस्किटं परत, पण साखर अर्धी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. बहुतेक प्रौढांसाठी खाल्ल्यावर एक ते दोन तासांची शुगर १८० च्या आत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, मीटरवर दिसते ती) असावी असं धरतात. सुई टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला बिस्किटाचा चुरा किंवा फळाचा रस लागलेला असला तर आकडा चांगलाच फुगतो, आणि चहाच्या वेळी तो लागलेला असतोच. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या खराब होतात. आणि छोट्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. १४८ आणि १५६ हे एकच समजा. १४८ आणि १९० मधला फरक खरा.

आता औषधं, कारण सगळ्यांनी बशी रिकामी करायची असं नाही. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा धोकादायक खाली जात नाही, त्याला दुपारचं खाणं भुकेप्रमाणे टाळता येतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र आपल्या मनाने दुपारचं खाणं बंद करू नये. या लेखातलं काही पाळून शुगर उतरायला लागली तर डोस बदलायला लागू शकतो, ते डॉक्टरांशी बोलूनच.

हात थरथरणं, घाम, धडधड, डोकं सुन्न होणं अशी लक्षणं दिसली आणि मीटर ७० च्या खाली असेल, तर त्या क्षणी हिशोब उलटा. १५ ग्रॅम ग्लुकोज लगेच, किंवा अर्धा ग्लास पाण्यात सपाट चार चमचे साखर ढवळून. गरम चहा यासाठी नको, तो भराभर पिता येत नाही. गोळी घातलेला चहा तर काहीच कामाचा नाही. चॉकलेट आणि बिस्किटंही नकोत, त्यांतले स्निग्ध पदार्थ साखर उशिरा पोचवतात. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी साखरेवरही विसंबू नये, कारण ही औषधं साखर फोडणारं विकरच अडवतात. त्यांनी ग्लुकोज पावडरीची पुडी खिशात ठेवावी. माणूस गिळण्याच्या अवस्थेत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने वैद्यकीय मदत बोलवा. गिळता येत असेल तर साखर दिल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा द्या. आकडा वर आला आणि पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल, तर मग निवांत बसून कपभर चहा घ्या, आणि त्याबरोबर दोन-तीन बिस्किटं आणि थोडे शेंगदाणे.